अवघड गोष्ट डोक्यात उतरते कशी?

गावच्या ग्रंथालयात एकाच विषयावरची दोन पुस्तकं एकाच फळीवर उभी असतात. दोन्ही मराठीत, दोन्ही दीडदोनशे पानांची, दोन्हींचे लेखक आपापल्या विषयातले जाणकार. पहिलं पुस्तक वाचक घरी नेतो आणि पंधराव्या पानावर कागदाची खूण ठेवून परत आणून देतो. दुसऱ्याचे कोपरे हाताळून मऊ पडलेले असतात, बांधणी सैल झालेली असते, आणि ते नेणारा माणूस परत करताना विचारतो, ‘याच लेखकाचं अजून आहे का काही?’ विषय तोच आणि वाचकही तोच. मग फरक कुठे पडतो?

पहिलं पुस्तक सोडून देणारा माणूस याचं उत्तर स्वतःच्या नावावर लिहून घेतो. ‘आपलं काही एवढं डोकं नाही बुवा.’ धानाची रोवणी, पाण्याची पाळी, सोसायटीचं कर्ज आणि मुलांचे प्रवेश एकाच महिन्यात निभावून नेणारी माणसं गुरुत्वाकर्षण, उत्क्रांती किंवा अर्थव्यवस्था असा शब्द निघाला की असं बोलतात. ते ऐकून मला वाईट वाटतं, कारण ते खरं नाही. अवघड विचार डोक्यात शिरतो किंवा दारातूनच परततो, त्यामागे ठरावीक कारणं असतात. त्यातली बहुतेक वाचकाच्या बुद्धीत नसतात, पुस्तकाच्या रचनेत असतात. मानसशास्त्राने ती गेल्या सत्तरेक वर्षांत बऱ्यापैकी उलगडली आहेत. आणि वैनगंगेच्या काठाशी ज्यांचं नातं सांगितलं जातं अशा माणसांनी त्यातली काही आठशे वर्षांपूर्वीच ओळखून वापरली होती.

आधी कोडं, मग उत्तर

खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांनी आपला एक अनुभव लिहून ठेवला आहे. विमानातून पश्चिमेकडे जाताना त्यांनी सूर्य पश्चिमेला उगवताना पाहिला. हे वाचल्यावर पुढचं पान न उलटता पुस्तक मिटवणारा माणूस विरळाच. सूर्य पूर्वेला उगवतो हे आपल्याला इतकं पक्कं ठाऊक असतं, की त्या ठाऊक असण्यालाच धक्का बसतो.

उत्तर असं आहे. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. विषुववृत्तावरचा एखादा बिंदू २४ तासांत सुमारे ४०,००० किलोमीटरची फेरी पुरी करतो, म्हणजे तासाला जवळपास १,६७० किलोमीटर. उत्तरेकडे सरकत जावं तसा फेरीचा घेर लहान होतो, पण वेळ तेवढाच, २४ तास. ६० अंश उत्तरेला घेर बरोबर निम्मा उरतो आणि वेगही निम्मा होतो, तासाला सुमारे ८३५ किलोमीटर. जेट विमान तासाला ९०० किलोमीटर वेगाने पश्चिमेकडे निघालं, तर तिथे ते पृथ्वीच्या फिरण्यावर मात करतं. नुकताच क्षितिजाखाली गेलेला सूर्य मग प्रवाशांना पुन्हा वर येताना दिसतो, आणि तोही पश्चिमेला.

हेच विमान भंडाऱ्यावरून गेलं तर? भंडारा सुमारे २१ अंश उत्तरेला आहे. इथे जमीन तासाला साधारण १,५५० किलोमीटर वेगाने फिरते. ९०० किलोमीटरवालं विमान मागे पडतं. सूर्यास्त थोडा लांबतो, एवढंच.

आता शाळेच्या पुस्तकात शोभेल असं एक वाक्य पाहा: ‘अक्षांश वाढतो तसा परिवलनाचा रेषीय वेग अक्षांशाच्या कोसाइनच्या प्रमाणात घटतो.’ वर तीन परिच्छेदांत आलेली गोष्ट हीच आहे. वाक्यात एकही चूक नाही, तरीही ते वाचून कुणाला पुढचं पान उलटावंसं वाटणार नाही.

अमेरिकी संशोधक जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी १९९४ साली कुतूहलाची एक उपपत्ती मांडली. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे आपल्याला जे माहीत आहे आणि जे माहीत करून घ्यावंसं वाटतं त्यांच्यामधली फट दिसली, की कुतूहल जागं होतं. फट दिसायला थोडं तरी आधी माहीत असावं लागतं. ज्या विषयातलं काहीच माहीत नाही, त्यात काय माहीत नाही हेही कळत नाही, म्हणून कुतूहलही नसतं. ‘मला विज्ञानात रस नाही’ म्हणणाऱ्या माणसाला बहुधा ही फट कुणी दाखवलेलीच नसते. चांगला लेखक वाचकाजवळ जे आहे तिथून सुरुवात करतो, कारण फट तिथेच पाडता येते. पूर्वेला उगवणारा सूर्य प्रत्येकाजवळ आहे. कोसाइन नाही.

बांधीत मावेल तेवढंच पाणी

दुसरं कारण आपल्या मनाच्या घडणीत आहे. एखादं वाक्य वाचताना त्यातले तुकडे क्षणभर मनात धरून ठेवावे लागतात, तेव्हा कुठे त्यांचा एकमेकांशी संबंध जुळतो. ही धरून ठेवण्याची जागा फार लहान असते. जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये तिचा अंदाज सातेक तुकड्यांचा सांगितला होता. नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये तो चारच्या आसपास आणला. शाळेच्या पुस्तकातल्या त्या वाक्यात अक्षांश, परिवलन, रेषीय वेग, कोसाइन आणि प्रमाण असे पाच तुकडे आहेत. ज्याला हे पाचही नवे आहेत, त्याची जागा वाक्य संपण्याआधीच भरते. पाचवा शब्द येईतो पहिला निसटलेला असतो.

भंडारा जिल्ह्यातल्या माणसाला हे समजावून सांगायला मामा तलावाइतकं चांगलं साधन नाही. कोहळी समाजाने आणि इतरांनी या भागात असे हजारो तलाव बांधले. मालगुजारी गेली तरी ‘माजी मालगुजारी’ हे नाव मागे राहिलं, आणि त्याचंच ‘मामा’ झालं. पावसाचं पाणी पाळीमागे साठतं. तुडुमातून ते बेताने सोडतात. ते आधी वरच्या बांधीत जातं. ती भरली की धुऱ्याला ठेवलेल्या वाटेने खालच्या बांधीत उतरतं, तिच्यातून आणखी खालच्या. उतारावरची शेवटची बांधी भिजते तेव्हा पाण्याने सगळ्या बांध्या ओलांडलेल्या असतात. तेच पाणी एकदम सोडलं तर धुरे फुटतात, नुकतं रोवलेलं धान उपटून वाहून जातं आणि खालची बांधी कोरडीच राहते.

मोठा विचार हा तलाव, आणि एका वेळी मनात मावणारी जागा ही बांधी. सोपं पुस्तक तलाव लहान करत नाही. ते पाणी किती आणि कोणत्या क्रमाने सोडायचं ते ठरवतं. ‘सोपं लिहायचं म्हणजे विचार पातळ करायचा’ हा समज लेखकांमध्येही आहे, आणि त्याने मराठीचं मोठं नुकसान केलं आहे असं मला वाटतं. त्या समजापायी एकीकडे पोकळ, गोडगोड पुस्तकं निघतात आणि दुसरीकडे जाणकार माणसं सोपं लिहायला कमीपणा मानतात.

भरलेली बांधी पाणी पुढे जाऊ देते, तसंच इथेही होतं. वाचकाने ‘घेर लहान, वेळ तेवढाच, म्हणून वेग कमी’ हे एकदा पचवलं, की ते तीन तुकडे राहत नाहीत, त्यांचा एकच तुकडा होतो आणि पुढच्या विचाराला जागा मोकळी होते. तज्ज्ञ आणि सामान्य वाचक यांच्यातलं अंतर बरंचसं एवढंच असतं. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ मध्ये बुद्धिबळाच्या निष्णात खेळाडूंना खऱ्या डावातला पट काही सेकंद दाखवला. खेळाडूंनी त्यातला बराचसा जसाच्या तसा मांडला, नवख्यांना चारदोन सोंगट्याच जमल्या. मग सोंगट्या कशाही विस्कटून ठेवल्या, तेव्हा निष्णात खेळाडूही नवख्यांच्याच रांगेत आले. त्यांची स्मरणशक्ती काही वेगळी नव्हती. वर्षानुवर्षांच्या खेळामुळे अनेक सोंगट्यांची रचना त्यांना एक वस्तू म्हणून दिसत होती.

जाणकाराला काय ऐकू येत नाही

मग जाणकार माणूस हा क्रम का लावत नाही? बहुतेकदा त्याला तो लावायची गरजच दिसत नाही.

स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी १९९० मध्ये एक साधा प्रयोग केला. काहींना प्रसिद्ध गाण्याची चाल बोटाने टेबलावर वाजवायला सांगितली, आणि समोरच्याने नुसत्या टकटकीवरून गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटत होतं, निम्म्या वेळा तरी समोरचा ओळखेल. १२० गाण्यांपैकी ओळखली गेली ती ३. वाजवणाऱ्याच्या मनात सूर, शब्द, वाद्यं सगळं चालू असतं, त्यामुळे आपण फक्त टकटक करतो आहोत हे त्याला जाणवत नाही. जाणकार लेखकाचं असंच होतं. एखादी गोष्ट एकदा कळली की ती न कळलेल्या अवस्थेत परत जाता येत नाही.

यावर जुना आणि अजूनही उत्तम उपाय म्हणजे न कळलेल्या माणसाला पुस्तकातच बसवणं. मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधु’ त्याच पद्धतीने रचला. हा ग्रंथ शके १११० चा, म्हणजे इ. स. ११८८ चा मानला जातो, आणि मराठीच्या आद्य ग्रंथांत त्याची गणना होते. त्याच्या काळाबद्दल आणि स्थळाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. एक परंपरा मुकुंदराजांचं स्थान मराठवाड्यातलं अंबेजोगाई मानते आणि तिथे त्यांची समाधी दाखवते. दुसरं मत ते वैनगंगेच्या काठावरच्या अंभोऱ्याचं असल्याचं सांगतं, कारण ग्रंथातच या नदीकाठच्या अंबानगरीचा उल्लेख येतो. अंभोरा आज नागपूर जिल्ह्याच्या कुही तालुक्यात आहे. समोरचा काठ भंडारा जिल्ह्याचा. वैनगंगा आणि कन्हान यांच्या संगमावरचं हे ठिकाण मुकुंदराजांचे परमगुरू हरिनाथ यांच्या नावाशीही जोडलेलं आहे.

ग्रंथाचा विषय सोपा नाही. शंकराचार्यांचा अद्वैत विचार, म्हणजे जीव आणि ब्रह्म वेगळे नाहीत हे प्रतिपादन, तोवर संस्कृत जाणणाऱ्यांपुरतं होतं. मुकुंदराजांनी ते मराठी ओवीत आणलं. अठरा प्रकरणं, आणि मांडणी गुरू-शिष्यांच्या संवादाची. शिष्य ऐकतो, अडतो, शंका काढतो, आणि गुरू पुढची पायरी सांगतो. भक्तिभाव बाजूला ठेवून निव्वळ रचना म्हणून पाहिलं तरी यातली हुशारी दिसते. शंका विचारणारा माणूस समोर असला की लेखकाला टकटक करून पुढे जाता येत नाही. वाचकालाही आपली अडचण छापील पानावर दुसऱ्याच्या तोंडून ऐकू येते आणि धीर येतो, की अडणं हा वाचण्याचाच भाग आहे.

१६३२ मध्ये इटलीत गॅलिलिओने पृथ्वी फिरते की सूर्य या वादावर ग्रंथ लिहिला तेव्हा तोही लॅटिन सोडून लोकांच्या इटालियन भाषेत लिहिला, आणि तोही संवादरूपात. तीन पात्रांपैकी साग्रेदो हा तज्ज्ञ नाही. तो हुशार, जिज्ञासू गृहस्थ आहे. दोन विद्वान बोलत असताना तो मध्येच थांबवतो आणि नीट समजावून मागतो. वैनगंगेचा काठ आणि फ्लॉरेन्स यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, पण अडचण एकच होती आणि वाटही तीच सापडली.

नुसता दृष्टांत पुरत नाही

महानुभाव पंथाच्या लीळाचरित्रात नीळभट भांडारेकार हे नाव येतं. चक्रधर स्वामींच्या सुरुवातीच्या अनुयायांपैकी ते एक, आणि भंडाऱ्याचे. तेराव्या शतकात चक्रधर गावोगाव फिरत लोकांच्या बोलीत बोलत होते. त्यांच्यामागे शिष्यांनी ते बोलणं जपलं. पंथाची धुरा नागदेवाचार्यांकडे आली तेव्हा केशिराजांसारखे संस्कृतचे पंडित भोवती होते. स्वामींचं ज्ञान संस्कृतात नेण्याची गोष्ट निघाली तेव्हा नागदेवाचार्यांनी ती नाकारली. पंथातल्या साध्या म्हाताऱ्या त्याने वंचित होतील, अशी त्यांची काळजी होती. कोणासाठी लिहायचं हे इतकं स्वच्छ ठरवणारा संपादक आजही दुर्मीळ आहे.

त्याच केशिराजांनी मग ‘दृष्टांतपाठ’ मराठीत सिद्ध केला. त्यात ११४ दृष्टांत आहेत आणि प्रत्येकाचे तीन भाग. सूत्र, म्हणजे सांगायचा मुद्दा. दृष्टांत, म्हणजे रोजच्या जगण्यातली गोष्ट. आणि दार्ष्टांतिक, म्हणजे गोष्टीतलं काय मुद्द्यातल्या कशाशी जुळतं याचा उलगडा. जन्मांध माणसं हत्ती चाचपतात ती प्रसिद्ध गोष्ट यात आहे. पायाला हात लागलेला म्हणतो हत्ती खांबासारखा, कानाला लागलेला म्हणतो सुपासारखा. बहुतेक निवेदक इथे थांबतात आणि तात्पर्य ऐकणाऱ्यावर सोडतात. केशिराज थांबत नाहीत. दार्ष्टांतिकात ते सांगतात, की हे आंधळे कोणाच्या जागी आहेत आणि पूर्ण हत्ती पाहणारा डोळस कोण.

हा तिसरा भाग वरवर अनावश्यक वाटतो. तो किती आवश्यक आहे हे मेरी गिक आणि कीथ होलिओक यांच्या १९८० च्या प्रयोगांनी दाखवलं. त्यांनी लोकांना एक कोडं घातलं. रुग्णाच्या पोटात गाठ आहे. तीव्र किरण सोडले तर गाठ नष्ट होईल, पण वाटेतलं निरोगी मांसही जळेल. सौम्य किरणांनी मांस वाचेल, पण गाठही तशीच राहील. डॉक्टरने काय करावं? फार थोड्यांना उत्तर सुचलं. काही जणांना कोड्याआधी एक गोष्ट वाचायला दिली होती. एका किल्ल्याकडे अनेक रस्ते जातात, पण त्यांत सुरुंग पेरलेले आहेत. मोठी फौज गेली तर ते फुटतात, लहान तुकडी निभावते. सेनापती फौजेच्या लहान तुकड्या करतो आणि सगळ्या रस्त्यांनी एकाच वेळी किल्ल्यावर आणतो. कोड्याचं उत्तर याच गोष्टीत आहे: सौम्य किरण अनेक दिशांनी सोडायचे आणि गाठीवर एकत्र आणायचे. तरीही गोष्ट नुकतीच वाचलेल्यांपैकी बहुतेकांना ती आठवली नाही. ‘मघाच्या गोष्टीचा उपयोग होतो का बघा’ एवढं म्हटल्यावर मात्र बहुतेकांनी कोडं सोडवलं.

म्हणजे गोष्ट डोक्यात असणं आणि तिचा सांधा मुद्द्याशी जुळणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुसरं काम आपोआप होत नाही, लेखकाला करून द्यावं लागतं. आजच्या पुष्कळ लोकप्रिय पुस्तकांत गोष्टी भरपूर असतात आणि दार्ष्टांतिक नसतं. वाचकाला चार महिन्यांनी किल्ला आठवतो, किरण आठवत नाहीत.

दार्ष्टांतिकाचं आणखी एक काम असतं. उपमा कुठे लागू होत नाही हेही सांगावं लागतं. मी वर तलाव आणि बांधी वापरली, पण बांधीत पाणी उतरलं की तलावातलं कमी होतं. विचाराचं तसं नाही, तो कितीही जणांना दिला तरी लेखकापाशी तेवढाच राहतो. शिवाय बांधी आहे तेवढीच राहते, आणि वाचकाचं मन सरावाने एकेका तुकड्यात जास्त सामावून घेतं.

नाव शेवटी

‘परिसंस्था म्हणजे सजीव आणि त्यांचे अजैविक पर्यावरण यांच्या परस्परक्रियांतून बनलेली कार्यात्मक व्यवस्था.’ ही व्याख्या पाठ करून पिढ्या परीक्षा पास झाल्या. त्यांतल्या पुष्कळांना आपल्या गावचा तलाव ही परिसंस्था आहे असं कधी वाटलं नाही.

क्रम उलटा करून पाहू. मामा तलावाच्या उथळ कडेला पाणवनस्पती असतात, काही ठिकाणी देवधान, म्हणजे आपोआप उगवणारं रानटी धानही. त्या वनस्पतींत मासे अंडी घालतात. माशांवर ढिवर समाजाची चूल चालते. उथळ पाण्यातल्या कंदांवर आणि किड्यांवर सारस जगतो, तो कधी धानाच्या बांधीतही घरटं करतो, आणि शेतकऱ्याने सांभाळलं तरच त्याची पिल्लं वाचतात. आता काठावर बेशरम माजली असं समजा. मूळच्या वनस्पती मागे हटल्या. अंडी घालायची जागा गेली, मासोळी घटली, ढिवराचं जाळं हलकं झालं. एका झुडपापासून सुरू झालेली गोष्ट एका घराच्या ताटापर्यंत आली. या गुंत्याला परिसंस्था म्हणतात. इथे शब्द आला तेव्हा त्याला ठेवायला जागा आधीच तयार होती.

मारुती चितमपल्ली यांच्या लेखनाचं बळ याच क्रमात आहे असं मी मानतो. ते मूळचे सोलापूरचे, नोकरी वनखात्यात, आणि आयुष्यातली महत्त्वाची वर्षं नवेगावबांधला गेली. नवेगावबांध तेव्हा भंडारा जिल्ह्यात होतं. १ मे १९९९ ला गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि ते तिकडे गेलं. तिथला विस्तीर्ण तलाव अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याचं सांगतात. हिवाळ्यात त्यावर दूरदेशीचे पक्षी उतरतात. चितमपल्ली यांच्याजवळ संस्कृत ग्रंथांचा आणि पक्षिशास्त्राचा व्यासंग होता. पण लिहिताना त्यांनी तिथल्या पाटलांचं, ढिवरांचं, गोंडांचं ज्ञान बरोबरीच्या मानाने मांडलं. पक्ष्याचं स्थानिक नाव, त्याची सवय, त्याच्याबद्दलची लोकसमजूत आधी येते, शास्त्र नंतर. ‘पक्षी जाय दिगंतरा’, ‘जंगलाचं देणं’, ‘रानवाटा’ ही पुस्तकं वाचून पक्षी बघायला लागलेली माणसं महाराष्ट्रभर आहेत. २००६ च्या सोलापूरच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांना मिळालं, २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, आणि त्याच वर्षी १८ जूनला ते गेले.

एक गोष्ट मात्र त्यांच्या चाहत्यांनीही लक्षात ठेवावी. लोकसमजूत आणि तपासलेली माहिती या दोन्ही त्यांच्या पानांवर शेजारी येतात, आणि कोणती कोणती हे दर वेळी वेगळं काढून दिलेलं नसतं. तेवढं काम वाचकाने करायचं.

चौकट: पुस्तक हातात घेतल्यावर

पहिली पाच पानं वाचून थोडं तपासा. एखादं कोडं मनात बसलं का? नवा शब्द येतो तेव्हा त्याआधी वस्तू दिसली होती का? एका पानात किती नवे शब्द आले? उपमा दिली असेल तर ती कुठे जुळते आणि कुठे तुटते हे लेखक सांगतो का? तुमच्या मनात शंका आली त्याच सुमारास पानावरही आली, तर लेखकाला समोरचा माणूस दिसतो आहे. यातलं काहीच नसेल तर पुस्तक खुशाल परत करा आणि त्याच विषयावरचं दुसरं मागा. दोष तुमचा नाही.

कळल्यासारखं वाटणं

सोप्या पुस्तकाचा एक खरा धोका आहे. वाक्यं सरसर पुढे गेली की आपल्याला कळलं असं वाटतं, आणि वाटणं म्हणजे कळणं नव्हे. लिओनिड रोझेनब्लिट आणि फ्रँक कील यांनी २००२ मध्ये लोकांना विचारलं, की चेन, कुलूप, शिलाई मशीन यांसारख्या वस्तू कशा चालतात हे तुम्हाला किती कळतं? लोकांनी स्वतःला बरे गुण दिले. मग म्हटलं, आता पायरी-पायरीने लिहून दाखवा. लिहायचा प्रयत्न केल्यावर त्यांनी स्वतःचे गुण स्वतःच खाली आणले. रोज हाताळलेली वस्तू ओळखीची होते, आणि ओळखीलाच आपण ज्ञान समजतो.

हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांचा २००६ चा प्रयोग यावरची वाट दाखवतो. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो चार वेळा वाचला. काहींनी एकदाच वाचला आणि मग तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पाहिलं तर पुन्हापुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने चित्र उलटलं: वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के मजकूर आठवत होता, आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. प्रकरण संपलं की पुस्तक मिटायचं आणि घरातल्या कुणाला तरी ते सांगायचं, यासाठी पैसाही लागत नाही. जिथे आपण अडखळतो तेवढंच पान पुन्हा उघडायचं. ऐकणारा माणूस विषयातला नसेल तर जास्तच चांगलं, कारण तो साग्रेदोसारखा मध्येच थांबवेल.

आणि काही विचारांना एका टप्प्यापलीकडे सोपं करता येत नाही, हेही सरळ सांगायला हवं. स्टीफन हॉकिंग यांचं काळाच्या इतिहासावरचं १९८८ चं पुस्तक जगभर प्रचंड खपलं. एकेका समीकरणागणिक खप निम्मा होईल असा इशारा मिळाल्यामुळे त्यांनी त्यात एकच समीकरण ठेवलं होतं. तरीही ते अनेकांच्या हातून अर्धवट सुटतं. पुंजभौतिकीतला गणिताचा भाग शब्दांत पूर्ण उतरत नाही. अशा वेळी लेखकाने ‘इथून पुढे गणिताशिवाय जाता येणार नाही’ असं सांगून थांबावं. खोटी उपमा देऊन वाचकाला पुढे नेऊ नये.

भंडाऱ्यात अजून न लिहिलेली पुस्तकं

मराठीत अशा पुस्तकांची परंपरा लहान नाही. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून काम करते आहे, विश्वकोश आता घरबसल्या फुकट वाचता येतो, अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर मराठीसह अनेक भाषांतली पुस्तकं मोफत आहेत. तरी एक उणीव मला सतत टोचते. मोठ्या विचारांची आपली बरीच पुस्तकं भाषांतरित आहेत, आणि त्यांतली उदाहरणं बर्फाची, बेसबॉलची, न्यूयॉर्कच्या रस्त्यांची. साकोलीच्या किंवा लाखांदूरच्या वाचकाला आधी उदाहरण समजून घ्यावं लागतं आणि मग मुद्दा. त्याची जी चार तुकड्यांची जागा आहे, त्यातली दोन बेसबॉलनेच अडवलेली असतात.

खरं तर या जिल्ह्यात मोठ्या विचारांची दारं जागोजाग आहेत. तुमसर तालुक्यातल्या डोंगरी बुजुर्ग खाणीत मँगनीज डायऑक्साइड निघतं. टॉर्चच्या साध्या सेलमध्ये तेच वापरलं जातं. विद्युत-रसायनाचं आख्खं पुस्तक त्या काळ्या भुकटीपासून सुरू करता येईल, आणि ती जमिनीत आली कशी या प्रश्नापासून भूशास्त्राचं. पवनीला १९६९-७० च्या उत्खननात बौद्ध स्तूपांचे अवशेष सापडले. मातीच्या थरांवरून काळ कसा वाचतात हे शिकवायला याहून जवळचं उदाहरण कुठे शोधणार? मोहाडी आणि आंधळगावच्या कोशाच्या कापडामागे एका अळीचं पूर्ण रूपांतर आहे, म्हणजे जीवशास्त्रातला एक मोठा प्रश्न मागावर विणला जातो. गोसेखुर्दचं धरण पाण्याचा दाब, विस्थापन आणि नफ्यातोट्याचा हिशेब कुणाच्या खात्यावर मांडायचा हे अर्थशास्त्र एकाच ठिकाणी समोर ठेवतं. आणि धानाच्या बांधीत पाणी साचलं की मातीतला प्राणवायू संपतो, तिथले सूक्ष्मजीव मिथेन सोडू लागतात, तो हवेत जाऊन उष्णता अडवतो. जगाच्या तापमानवाढीवरचं मराठी पुस्तक जुलै महिन्यात, लाखनीच्या एखाद्या बांधीत, रोवणा चालू असताना सुरू होऊ शकतं. ते लिहायला ज्याला जीवरसायन येतं असा एक माणूस हवा, आणि हस्तलिखित वाचून ‘हे मला नाही कळलं’ असं न लाजता सांगणारा धानकरी त्याच्या शेजारी बसलेला हवा.